बाटली फुटली त्या दिवसानंतर

प्रश्न : मी रसायनशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून आठ महिन्यांपासून एका संशोधन प्रयोगशाळेत काम करते आहे. मागच्या महिन्यात काही काचेची भांडी संहत नायट्रिक आम्लाने विसळली आणि ते धुवण फ्यूम हूडमधल्या (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या, पुढे सरकती काच असलेल्या कपाटातल्या) टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत ओतून बूच घट्ट बसवले. बाटलीवर नुसते ‘वेस्ट’ असे लिहिलेले होते. आत आधीपासून ॲसिटोन आणि इथेनॉल होते, हे नंतर कळले. पंधरा-वीस मिनिटे काहीच झाले नाही. मग आत तपकिरी धूर दिसला आणि पाठोपाठ बाटली फुटली. हूडची काच खाली ओढलेली होती, म्हणून कोणाला लागले नाही. वरिष्ठांनी ‘हे बाहेर बोलू नकोस’ असे सांगितले. तेव्हापासून मी दोन-दोन हातमोजे घालते, तरी बाटली उचलताना हात थरथरतो. बाजूच्या टेबलावरचे सहकारी ‘एवढी भीती वाटत होती तर केमिस्ट्री कशाला घेतलीस’ म्हणून हसतात. मी हे क्षेत्र सोडावे का? आणि भांडी स्वच्छ करायला नायट्रिक आम्ल खरेच लागते का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत छोटा आहे, तरी त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे, कारण त्याआधी त्या बाटलीत नेमके काय झाले हे तुम्हाला कळायला हवे. तुमच्या पत्रात अपघाताचे वर्णन आहे, परंतु त्याचे कारण कोणी तुम्हाला समजावून सांगितल्याचा उल्लेख कुठेही नाही. महिनाभर तुम्ही ज्या गोष्टीला घाबरत आहात तिचे नावच तुम्हाला सांगितलेले नसेल, तर हात थरथरणे स्वाभाविक आहे.

संहत नायट्रिक आम्ल हे आम्ल तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते जोरदार ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच पुरवते. इथेनॉल आणि ॲसिटोन हे त्याच्या दृष्टीने इंधन. दोन्ही एकत्र आले की ऑक्सिडीकरण सुरू होते, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे व कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. सुरुवातीला ही अभिक्रिया इतकी मंद असते की डोळ्यांना काहीच दिसत नाही. परंतु निर्माण झालेली उष्णता बाटलीतच साठत जाते, तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, वाढलेल्या वेगामुळे आणखी उष्णता निर्माण होते, आणि असे करता करता एका क्षणी सगळे हाताबाहेर जाते. पंधरा-वीस मिनिटांची ती शांतता म्हणजे हाच काळ. बूच घट्ट असल्यामुळे वायूला वाट नव्हती आणि काचेची बाटली दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. तुमच्या बाटलीचे नशीब वाईट नव्हते. ते मिश्रण त्या बुचासकट जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत तसेच वागले असते, आणि वागतेही. सेंद्रिय द्रावकांच्या टाकाऊ बाटलीत नायट्रिक आम्ल पडून ती फुटणे हा प्रयोगशाळांतील पुन्हा पुन्हा घडणाऱ्या अपघातांपैकी एक आहे.

येथे त्या तपकिरी धुराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो श्वासात गेला तर त्या वेळी थोडा खोकला येतो, घसा चुरचुरतो आणि माणूस बरा आहे असे वाटते. परंतु कित्येक तासांनंतर, कधी रात्री झोपेत, फुप्फुसांत पाणी भरू लागण्याचा धोका असतो. तुमच्या बाबतीत तो धोक्याचा काळ उलटून गेला आहे, तरी धूर श्वासात गेला असेल आणि खोकला किंवा धाप जाणवत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मात्र यापुढे असा धूर कोणाच्याही श्वासात गेला, तर ‘मला काही होत नाही’ या त्याच्या शब्दावर न विसंबता त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि कोणता वायू होता ते डॉक्टरांना नाव घेऊन सांगावे.

आता दोष कोणाचा? तुम्ही आत काय आहे हे न जाणता बाटलीत ओतले, हा तुमचा. पण ज्याने त्या बाटलीवर ‘वेस्ट’ एवढेच लिहिले त्याचाही तो आहे, ज्याने आधी ॲसिटोन ओतून नोंद केली नाही त्याचाही आहे, आणि नव्या माणसाला टाकाऊ द्रावणांची व्यवस्था समजावून न देता कामाला लावणाऱ्याचाही आहे. यात मी तुम्हाला दिलासा देत नाही, हिशेब मांडतो आहे. तुमच्या एकटीच्या वाट्याला यातला फार तर चौथा हिस्सा येतो, आणि उरलेले तीन हिस्से दुरुस्त झाले नाहीत तर तीच बाटली उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात फुटेल.

लेबल नसलेल्या भांड्याबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण उमेदवारीच्या काळात मी स्वतः असाच फसलो होतो. टेबलावर एका बीकरमध्ये स्वच्छ, पाण्यासारखे काहीतरी होते. थोडे टेबलावर सांडलेले होते. पाणीच असणार म्हणून मी ते उघड्या हाताने फडक्याने पुसले. जळजळ नाही, वास नाही. मिनिटभराने बोटे एकमेकांवर घासली तेव्हा ती साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागली, आणि मग लक्षात आले की साबण तेथे कोणी ठेवलेलाच नाही. माझ्याच त्वचेतल्या चरबीचा साबण होऊ लागला होता. ते कॉस्टिक सोड्याचे द्रावण होते. आम्ल चटकन झोंबते, त्यामुळे माणूस हात झटकतो. अल्कली सुरुवातीला गप्प राहते आणि आत शिरत जाते. डोळ्याच्या बाबतीत हा फरक फारच गंभीर ठरतो. बहुतेक आम्ले डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठवतात आणि तो थर पुढच्या आम्लाला काही अंशी अडवतो, परंतु अल्कली ऊती विरघळवत खोलवर जाते. तरीही प्रयोगशाळेत आम्लाला घाबरणारे पुष्कळ भेटतात आणि सोड्याला घाबरणारे क्वचितच. त्या दिवसापासून मी पाण्याच्या भांड्यावरही ‘पाणी’ असे लिहितो. लोक हसतात, हसू द्यावे.

आता तुमच्या दोन-दोन हातमोज्यांकडे वळतो. तुम्ही भीतीपोटी एक थर वाढवला आहे, पण तो थर कशाचा आहे आणि कशासाठी आहे, हे पत्रात कोठेही नाही. या बाबतीत रसायनशास्त्राला फार महागात पडलेली एक घटना आहे. कॅरेन वेटरहान या अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि विषारी धातूंचा अभ्यास हाच त्यांचा विषय होता. ऑगस्ट १९९६ मध्ये फ्यूम हूडमध्ये काम करताना डायमिथाइलमर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचा एखाद-दुसरा थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडला. त्या काळी योग्य समजली जाणारी सगळी काळजी त्यांनी घेतलेली होती. त्यांनी काम आवरले, हातमोजे काढले, हात धुतले. जानेवारी १९९७ मध्ये त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, आणि तपासणीत शरीरात पाऱ्याचे प्रमाण भयंकर वाढलेले आढळले. जून १९९७ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नंतर झालेल्या चाचण्यांत दिसले की तसल्या पातळ हातमोज्यातून ते संयुग काही सेकंदांतच आरपार जाते. हातमोजा फाटला नव्हता, त्याला भोक पडले नव्हते. त्या पदार्थासाठी तो हातमोजा अस्तित्वातच नसल्यासारखा होता.

तुम्ही डायमिथाइलमर्क्युरी हाताळत नाही आणि हाताळूही नये, परंतु तत्त्व तुमच्या रोजच्या बाटल्यांनाही लागू पडते. प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे निळे, पातळ नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे शिंतोड्यांपुरते असतात. डायक्लोरोमिथेन हे द्रावक त्यांतून फार लवकर झिरपते, ॲसिटोनही फारसा वेळ घेत नाही, आणि संहत नायट्रिक आम्ल तर तो पदार्थच बिघडवून टाकते. असे एकावर एक दोन हातमोजे घातल्याने ॲसिटोनला थोडा अधिक वेळ लागेल इतकेच. उलट बोटांची जाणीव कमी होते, पकड सैल होते, आणि तुमची बाटली घसरण्याची शक्यता वाढते. दोन हातमोजे घालण्याची खरी पद्धत वेगळी आहे : आत बहुस्तरीय प्लास्टिकचा हातमोजा, जो जवळजवळ काहीच आरपार जाऊ देत नाही पण हातात नीट बसत नाही, आणि त्यावर पकड देणारा, लांब बाहीचा जाड हातमोजा. ती फार विषारी आणि त्वचेतून शोषल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी आहे. तुमच्या नित्याच्या कामासाठी एकच योग्य हातमोजा घ्यावा, त्यावर काही पडले की लगेच तो काढून टाकावा, हात धुवावेत आणि नवा घालावा.

काढण्याचीही रीत असते. एका हाताने दुसऱ्या हातमोज्याची मनगटाजवळची कड बाहेरून चिमटीत धरावी आणि तो उलटा करत बोटांपर्यंत सोलावा. सोललेला हातमोजा मुठीत ठेवावा. मग मोकळ्या हाताचे बोट उरलेल्या हातमोज्याच्या आत, त्वचेच्या बाजूने सरकवून तोही उलटा करत पहिल्याभोवती गुंडाळावा. उघड्या त्वचेला बाहेरची बाजू कोठेही लागता कामा नये. आणि एकदा घातलेल्या हातमोज्याने दाराची मूठ, वही, पेन किंवा मोबाइल यांना हात लावू नये. तुमच्यावर हसणाऱ्या सहकाऱ्यांचे हातमोजे या कसोटीवर किती टिकतात ते एक दिवस गप्प राहून पाहा.

हातमोजे, गॉगल आणि कोट हे सगळे शेवटचे थर आहेत. खरे काम बाटली उघडण्याच्या आधी होते आणि ते कागदावर होते. प्रत्येक रसायनाबरोबर सेफ्टी डेटा शीट येते आणि तिचे १६ विभाग ठरलेले असतात. सोळाही विभाग रोज वाचावेत असा उपदेश मी करणार नाही, कारण तो कोणी पाळत नाही. दुसऱ्या विभागात धोके असतात, चौथ्यात प्रथमोपचार, सहाव्यात सांडल्यास काय करावे, सातव्यात साठवण आणि हाताळणी, आठव्यात हातमोज्याचा प्रकार आणि इतर साधने, आणि दहाव्यात स्थिरता व अभिक्रियाशीलता, म्हणजे हा पदार्थ कोणाबरोबर ठेवू नये. नायट्रिक आम्लाच्या शीटचा दहावा विभाग आजच उघडून वाचा. तुमचा संपूर्ण अपघात तेथे एका ओळीत लिहिलेला आढळेल.

तेवढाही वेळ नसेल तर बाटलीवरची चित्रे तरी ओळखता आली पाहिजेत. लाल चौकटीतल्या, एका कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनांतली ही नऊ चिन्हे आता जगभर सारखी आहेत. त्यांतली दोन एकमेकांसारखी दिसतात आणि नवे विद्यार्थी हमखास गोंधळतात : एकात नुसती ज्योत आहे, ती ज्वलनशील पदार्थाची खूण, दुसऱ्यात ज्योतीखाली वर्तुळ आहे, ती ऑक्सिडीकारकाची. ॲसिटोनच्या बाटलीवर पहिले असते. नेहमीच्या वापरातल्या, साधारण ६८ ते ७० टक्के नायट्रिक आम्लाच्या बाटलीवर दुसरे असते. ही दोन चित्रे एका बाटलीत, एका कपाटात आणि शक्यतो एका टेबलावरही एकत्र येऊ नयेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

कपाटाचा विषय निघालाच आहे तर, रसायने वर्णानुक्रमाने लावलेली असतील तर ती तशी का लावली आहेत ते विचारून पाहा. शोधायला सोपे म्हणून, हे उत्तर येईल. आम्लांचा एक कप्पा करून त्यात सगळी आम्ले ठेवणेही पुरेसे नाही, कारण ग्लेशियल (जवळजवळ शुद्ध) ॲसेटिक आम्ल हे आम्ल असूनही ज्वलनशील आहे, साधारण ३९ ते ४० अंश सेल्सिअसला त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि नायट्रिक आम्लाच्या शेजारी त्याची जागा नाही. डायइथिल ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरान यांच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख ठळक लिहिलेली असावी; हवेच्या संपर्कात त्यांत हळूहळू पेरॉक्साइडे नावाची स्फोटक संयुगे तयार होतात आणि असे द्रावक ऊर्ध्वपातन करताना कोरडे होईपर्यंत तापवले तर स्फोट होऊ शकतो. जुन्या ईथरच्या बुचाभोवती स्फटिक दिसले, तर ती बाटली उघडून बघण्याची नाही. तिला हातही न लावता वरिष्ठांना आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवावे.

आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे, हे तुम्हाला शाळेपासून पाठ असेल, म्हणून त्यावर थांबत नाही. मात्र बाटली हाताळण्याच्या एक-दोन साध्या सवयी कोणी शिकवत नाही. ओतताना लेबल तळहाताच्या बाजूला ठेवावे, म्हणजे ओघळ लेबलावर येऊन नाव पुसून टाकत नाही. अडीच लिटरची बाटली एका हाताने गळ्याशी धरून उचलू नये. दुसरा हात बुडाखाली हवा, आणि एका खोलीतून दुसरीकडे न्यायची असेल तर ती बादलीसारख्या मजबूत वाहक भांड्यात ठेवून न्यावी. बाटलीतून काढून उरलेले रसायन मूळ बाटलीत परत ओतू नये, कितीही शुद्ध दिसले तरी.

तुम्हाला वाचवले ते हूडच्या काचेने, म्हणून हूडविषयी थोडे अधिक. हूडच्या तोंडाशी हवा साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद या वेगाने आत ओढली जाते. घाईने चालणारा माणूस त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे कोणी पाठीमागून झपाट्याने गेले तरी हूडमधली वाफ बाहेर खेचली जाऊ शकते. यासाठी काम कडेपासून किमान १५ सेंटिमीटर आत करावे, काच शक्य तितकी खाली ठेवावी आणि डोके कधीही आत घालू नये. हूडमध्ये मागच्या बाजूला बाटल्यांची रांग लावून ठेवली तर हवेची वाट अडते. अनेक प्रयोगशाळांत हूडचे गोदाम झालेले असते आणि मग पंखा चालू असूनही वास येतो म्हणून सगळे आश्चर्य करतात. वासावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो.

कपड्यांविषयी एकच सांगतो. २९ डिसेंबर २००८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संकुलात शेरी सांगजी ही २३ वर्षांची संशोधन साहाय्यक सिरिंजने टर्शरी ब्युटिललिथियम काढत असताना सिरिंजचा दट्ट्या बाहेर निसटला. हे संयुग हवा लागताच पेटते. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता आणि स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता, तो पेटला. १८ दिवसांनी ती गेली. तुमचा कोट खुंटीवर असेल तर तो तुमचा नव्हे, खुंटीचा आहे.

डोळ्यात किंवा अंगावर काही उडाले तर पहिल्या दहा सेकंदांत पाणी मिळाले पाहिजे आणि ते निदान १५ मिनिटे, घड्याळ लावून, वाहत राहिले पाहिजे. माणूस दोन मिनिटांत ‘बरे वाटते’ म्हणून थांबतो, तेथेच घात होतो. डोळे बोटांनी उघडे धरावे लागतात, कारण पापण्या आपोआप मिटतात. आम्ल सांडले म्हणून त्वचेवर अल्कली ओतू नये. उदासिनीकरणाची उष्णता भाजलेल्या जागी आणखी भाजते. रसायन कपड्यांवर पडले तर शॉवरखाली उभे राहून कपडे काढावेत, आणि तेथे लाज आड येऊ देऊ नये. अपवाद हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा : ते विरल असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होतात आणि तोवर ते शरीरातले कॅल्शियम बांधत खोल गेलेले असते. त्यासाठी धुतल्यावर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावत तातडीने रुग्णालय गाठावे लागते. ते जेल हाताशी नसेल तर ती बाटली उघडूच नये, आणि एकट्याने तर कधीच नाही.

एक छोटा सराव सुचवतो. सहकारी सोबत असताना, टेबलावर काही चालू नसताना, डोळे मिटून तुमच्या जागेपासून आय वॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुण्याच्या नळापर्यंत, चालत जा. पावले मोजा. वाटेत स्टूल आडवे येते का, दार कोणत्या बाजूला उघडते, आय वॉशची दांडी हाताला कोठे लागते, हे बोटांना कळू द्या. डोळ्यात आम्ल असताना माणूस असाच आंधळा असतो. पहिल्या वेळी तुम्ही चुकाल. मीही चुकलो होतो. माझ्या वाटेत कोणीतरी ठेवलेले खोके होते, आणि त्या दिवसापासून ते तेथे राहिले नाही.

आता ‘बाहेर बोलू नकोस’ या वाक्याकडे येतो. वरिष्ठांना भीती कशाची वाटली असेल ते मी समजू शकतो, पण ते चुकले आहेत. ज्या अपघातात कोणाला इजा झाली नाही तो प्रयोगशाळेला फुकट मिळालेला धडा असतो, आणि तो दाबला की पुढच्या वेळी किंमत मोजावी लागते. तुम्ही अर्ध्या पानाची नोंद लिहा. तारीख, वेळ, किती आम्ल, बाटलीत अंदाजे काय आणि किती होते, बूच घट्ट होते, काच खाली होती, किती वेळाने फुटली. त्यात कोणाचेही नाव नको, आणि ‘मला माहीत नव्हते’ अशी सफाईही नको. खाली तीन सूचना जोडा : ऑक्सिडीकारक आम्लांसाठी स्वतंत्र बाटली, प्रत्येक बाटलीला काय, किती, कोणी व केव्हा ओतले याची चिठ्ठी, आणि वायू निघून जाऊ देणारी बुचे. हा कागद घेऊन वरिष्ठांकडे जा आणि म्हणा, “सर, त्या दिवशीच्या प्रकाराचे कारण मी शोधले आहे. पुन्हा होऊ नये म्हणून एवढे करता येईल. तुम्ही सही केलीत तर मी उद्यापासून बाटल्या वेगळ्या लावते.” तक्रार घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणे सोपे असते, काम वाटून घ्यायला आलेल्याला ते जड जाते. तरीही ते नाहीच म्हणाले, तर संस्थेत सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना तोच कागद द्या. त्यानंतरही बाटल्यांवर ‘वेस्ट’ एवढेच लिहिले जात राहिले, तर मात्र सोडण्याचा विचार करावा. क्षेत्र नव्हे, ती प्रयोगशाळा.

हसणाऱ्या सहकाऱ्यांशी वाद घालू नका. पुढच्या वेळी कोणी हसले तर शांतपणे एक नेमका प्रश्न विचारा : “तुमच्या या बाटलीत आत्ता काय काय आहे?” उत्तर आले तर तुम्हाला माहिती मिळेल. नाही आले तर हसणे थांबेल.

हाताच्या थरथरीवर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. जे काम करताना हात कापतो तेच काम आधी पाण्याने करा : तीच बाटली, तशीच मोजनळी, तेच हातमोजे, गॉगल आणि कोट, आणि आम्लाच्या जागी रंग टाकलेले पाणी. ओतताना कोठे थेंब पडतो ते रंगामुळे दिसेल. पाच-सहा वेळा टेबल कोरडे राहिले की मग खरे रसायन घ्या, पण नेहमीच्या निम्म्याहून कमी, आणि शेजारी कोणी असताना. पहिले काही आठवडे संध्याकाळी सगळे गेल्यावर थांबून काम करू नका. थरथर त्यानंतरही कायम राहिली, झोपेत त्या फुटण्याचा आवाज येत राहिला, तर एखाद्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला; अपघातानंतर असे होते आणि त्यावर उपचार आहेत.

राहिला प्रश्न भांड्यांचा. बहुतेक वेळा नायट्रिक आम्ल लागत नाही. साबणाचे कोमट पाणी, ब्रश, नळाच्या पाण्याने भरपूर विसळणे आणि शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित पाणी, एवढ्याने नित्याची काचपात्रे स्वच्छ होतात. अत्यल्प प्रमाणातील धातूंचे मापन करायचे असेल तेव्हा आम्लाने धुणे आवश्यक ठरते, आणि तेथेही साधारण १० टक्के विरल नायट्रिक आम्लात भांडी रात्रभर बुडवून ठेवणे हीच रूढ पद्धत आहे. संहत आम्लाने विसळण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र तपासून पाहा. भांडी लवकर वाळावीत म्हणून तुमच्याकडे ती शेवटी ॲसिटोनने विसळण्याची रीत आहे का? असेल, तर असे ओले भांडे नायट्रिक आम्लाकडे जाता कामा नये. आधी पाण्याने विसळा, ॲसिटोनचा वास पूर्ण जाऊ द्या, मगच ते आम्लात बुडवा. आणि त्या आम्लाची टाकाऊ बाटली हूडच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या चिठ्ठीसह, स्वतःच्या वेगळ्या तबकात ठेवा.